जपानी अक्षरं मुकी नाहीत

जपानी माणूस म्हणे वाचत नाही, नुसता बघतो. अक्षरावर नजर पडली की अर्थ थेट मेंदूत, मध्ये आवाजाची दलाली नाही! ही थाप मी व्याख्यानांत ऐकली, व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांत वाचली. आता झटपट वाचनाचे क्लासवाले आईबापांकडून फी उकळून तीच विकतात. ओठ हलवू नका, मनातसुद्धा उच्चारू नका, जपान्यांसारखं डोळ्यांनी वाचा. ही शुद्ध लबाडी आहे. सांगणाऱ्यांपैकी कितीजणांना जपानीचं एक पान वाचता येतं?

त्यांचा हुकमी एक्का म्हणजे आकडे. '2' जसा सगळ्या भाषांत तोच, तसंच जपानी अक्षर, असं ते छातीठोक सांगतात. त्यांनी आमच्या सोलापूरजवळच्या होटगी जंक्शनवर यावं. इथून एक लाइन विजयपूर-गदगकडे फुटते, एक वाडीकडे जाते. फलाटावरचा 2 बघून मराठी माणूस 'दोन' म्हणतो, कानडी 'एरडु', सोलापूरचा तेलुगू विणकर 'रेंडु'. तिघांनीही आवाज काढलाच की! आपापल्या भाषेतला काढला, एवढंच. बिनआवाजाचा दोन वाचला कुणी? आणि आकड्यांत जरा भांडून दाखवा. 'उद्या येतो म्हणालास आणि आलाच नाहीस' एवढं एक वाक्य आकड्यांनी लिहा. जन्मात जमणार नाही. बोलणं कागदावर उतरतं ते भाषेच्या आवाजाला धरूनच.

आता खुद्द कांजीकडे, म्हणजे ज्यांच्यावरून ही थाप निघाली त्या जपानी अक्षरांकडे वळू. ही अक्षरं चीनमधून जपानात गेली आणि त्यांतली बहुतेक जोडून बनलेली आहेत. एक भाग अर्थाचा रोख दाखवतो, दुसरा उच्चार सुचवतो. 'समान' अशा अर्थाचं एक अक्षर आहे, उच्चार 'दोऽ'. त्याच्या डावीकडे धातूची खूण जोडली की झालं तांबं, उच्चार 'दोऽ'. पाण्याची जोडली की गुहा, उच्चार 'दोऽ'. मांसाची जोडली की धड, तेही 'दोऽ'. तांबं, गुहा आणि धड यांत समान काय? आवाज! दुसरं काहीही नाही.

याहून सणसणीत पुरावा हवा? बौद्ध जपानी माणूस 'नामु आमिदा बुत्सु' म्हणतो. त्यातलं 'नामु' म्हणजे आपलं 'नमो'. ते दोन कांजींत लिहितात. पहिलीचा अर्थ दक्षिण, दुसरीचा नाही. भक्त आमिदापुढे, म्हणजे अमिताभ बुद्धापुढे, हात जोडून 'दक्षिण नाही' असं सांगतो काय? थेट अर्थदर्शनाच्या सिद्धांताप्रमाणे तसंच म्हणावं लागेल. हजार वर्षांहून जुना हा जप या सिद्धांताचं थडगं आहे.

आणि सोलापूरकरांना तर हे घरबसल्या कळायला हवं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1910 साली सोलापुरात जन्मले, 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकातून युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले, 1942 साली तिथेच वारले. चीनमध्ये ते 'के दीह्वा' म्हणून ओळखले जातात. शब्दकोश उघडला तर 'के' म्हणजे कुऱ्हाडीचा दांडा आणि 'दी' एक फुलझाड. चिनी लोकांनी आपल्या लाडक्या डॉक्टरला दांडा म्हटलं असं कुणाला वाटतं? त्यांनी 'कोट'चा आवाज पकडला. शेवटचा 'ह्वा' तेवढा अर्थासाठी, तो चीनचा शब्द. पथकातल्या पाचही भारतीय डॉक्टरांच्या चिनी नावांत त्यांनी तो प्रेमाने लावला. आता हीच तीन अक्षरं जपानी उच्चाराने वाचली की होतात 'का तेइ का'. चित्र तेच आहे, भाषा बदलल्याबरोबर नाव बदललं. मग चित्र वाचलं की भाषा?

कांजीला अर्थाचा पदर आहे, सरावलेल्या वाचकाला तिचं रूप मदत करतं, हे मला मान्य आहे. पण मदत करणं वेगळं आणि आवाजाला हाकलून लावणं वेगळं. जपानी माणूस मोबाइलवर लिहितो कसा, ते पाहा. तो उच्चार टाइप करतो. 'हाशी' लिहिलं की यंत्र विचारतं: पूल, जेवायच्या काड्या की कड? घाईत बोट चुकतं आणि पुलाच्या जागी काड्या येतात. चूक होते ती सारख्या आवाजाची. रिचर्ड होरोडेकने 1987 साली कॉर्नेल विद्यापीठात प्रबंध लिहिला तो नेमका याच विषयावर. जपानी माणसं हाताने लिहितानाही आवाज बरोबर आणि अक्षर भलतंच अशा चुका करतात, आणि वाचणाऱ्यांच्या त्या नजरेतून सुटतात, हे त्याने दाखवलं. डोळा थेट अर्थ टिपत असता, तर पुलाच्या जागी आलेल्या काड्या तो खपवून घेईल?

मला चीड येते ती पोरांसाठी. होटगीत घरी कानडी बोलणारं पोर शाळेत मराठी वाचायला शिकतं. अक्षर आणि आवाज यांची गाठ बसली की त्याचं वाचन सुटतं. ती बसायला मोठ्याने वाचावं लागतं, अडखळावं लागतं, पुन्हा वाचावं लागतं. अशा पोराला 'मनातही उच्चारू नको' सांगणं म्हणजे चालायला शिकणाऱ्याचा हात सोडवणं आहे. त्यासाठी वर पैसे घ्यायचे आणि साक्षीला बिचाऱ्या जपान्यांना उभं करायचं, हा निव्वळ निर्लज्जपणा आहे. जपानातली पोरं आधी काना शिकतात, म्हणजे निव्वळ उच्चाराची अक्षरं. त्यांचा 'का सा ता ना हा मा या रा वा' हा क्रमसुद्धा बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आलेला आहे. ध्वनीची शिस्त त्यांनी आपल्याकडून घेतली, आणि आपले क्लासवाले त्यांच्या नावाने ती मोडायला निघालेत!

पुढच्या वेळी असा कुणी भेटला तर त्याच्यापुढे जपानी बँकेचा साधा फॉर्म ठेवा. त्यात नावासाठी दोन रकाने असतात. एकात नाव कांजीत लिहायचं, दुसऱ्यात तेच नाव काना अक्षरांत, कारण नुसती कांजी बघून ते कसं उच्चारायचं हे जपानी कारकुनालाही खात्रीने सांगता येत नाही. हा दुसरा रकाना कशासाठी, एवढंच त्याला विचारा, आणि मग फी परत मागा.