आपला डबा, सर्वांचे फडताळ



इंग्लंडच्या शाळांत २०१४ पासून काँप्युटिंग हा विषय आला आणि नातवंडांच्या तोंडी पायथन आला. घाबरू नका, हा साप नव्हे! १९९१ साली गिडो व्हान रॉसम यांनी बाहेर आणलेल्या या संगणक-भाषेचे नाव बीबीसीच्या 'मॉन्टी पायथन' या विनोदी मालिकेवरून पडले.

आमची नात आजीला विचारून आपल्या कुटुंबांची नोंद करते आहे. कोण कुठल्या गावचे, हे सांगणारी माणसे आता थोडीच उरली. तिने 'कुटुंब' नावाचा क्लास, म्हणजे साचा, केला. तिसऱ्या पायथनमध्ये अशी नावे देवनागरीतही चालतात. साच्यात सर्वांसाठी एक ओळ : जिल्हा = "रायगड". मग 'ओळख' ही मेथड, म्हणजे साच्यातल्या प्रत्येकाला करता येणारे काम. तिच्यात नुसते 'जिल्हा' लिहिले, तर संगणक अडून बसला. म्हणे, हे नाव ठाऊक नाही!

घरात कुणी नुसते "चष्मा आण" म्हटले, तर कुणाचा आणायचा? तसेच हे. मेथडच्या आत क्लासमधली नावे आपोआप दिसत नाहीत, 'सेल्फ.जिल्हा' लिहावे लागते. सेल्फ म्हणजे ज्याचे काम चालले आहे तो स्वतः. मेथडच्या कंसात पहिले नाव त्याचेच. संगणक आधी त्याच्या स्वतःच्या डब्यात पाहतो. तिथे नसेल, तर क्लासच्या सामायिक फडताळात.

आजी म्हणाली, "अगं, मी बोटीत बसले तेव्हा कुलाबा जिल्हा होता. रायगड नाव १९८१ चं. माझ्या नोंदीत कुलाबाच लिही." नातीने दुरुस्तीच्या मेथडमध्ये सेल्फ.जिल्हा = "कुलाबा" केले आणि ती फक्त आजीच्या नोंदीवर चालवली. आजीचे कुलाबा झाले, बाकीच्यांचे रायगडच राहिले. कारण सेल्फला दिलेले त्याच्याच डब्यात जाते, फडताळ तसेच राहते.

यादीचे मात्र जपा. 'मुले' ही रिकामी यादी तिने क्लासमध्येच ठेवली होती. सेल्फ.मुले.अपेंड करत गेली, तर पेणकरांची मुले नवगावकरांच्या घरी! फडताळातली ती एकच यादी सगळे भरत होते. 'इनिट' मेथडमध्ये सेल्फ.मुले म्हणून प्रत्येकाला नवी यादी दिली, तेव्हा जो तो आपल्या घरी गेला.

मुलांनो, आजी-आजोबांना आजच विचारा. डब्यात आपण घालू तेवढेच संगणक सांगणार.