पोराच्या मनावरील जखमेचा पंचनामा कोण करणार?

वस्तीवर हल्ला झाला की पंचनामा होतो. जळालेले घर, फुटलेली भांडी, डोक्याला पडलेले टाके, सारे कागदावर येते. पण बापाला मार खाताना पाहिलेले चार वर्षांचे पोर कोणत्याच कागदावर येत नाही. 'लहान आहे, विसरेल,' असे आपणही म्हणतो. पोर मात्र झोपेत दचकते, अंथरूण ओले करते, आईचा पदर सोडत नाही, खेळातही तोच हल्ला पुन्हा पुन्हा खेळते. ही लक्षणे टिकून राहिली तर तो आजार असतो. त्याला पीटीएसडी म्हणतात.

यावर उपचार आहेत. 'ट्रॉमा फोकस्ड सीबीटी' तीन वर्षांपुढील मुलांसाठी आहे. साधारण १२ ते १६ बैठकांत मूल चित्रांतून, खेळांतून घडलेले सांगते आणि भीतीवर ताबा मिळवते. पालकही सोबत शिकतात. 'चाइल्ड पॅरेंट सायकोथेरपी' पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. तिच्यात आई व मूल एकत्र बसतात, कारण आईही त्याच वणव्यात होरपळलेली असते. पण ती सुमारे वर्षभर चालते. तिसरी 'ईएमडीआर', डोळ्यांच्या हालचालींची. मोठ्या मुलांबाबत तिला आधार आहे, चिमुकल्यांबाबत पुरावा तोकडा आहे.

आपल्या वस्त्यांसाठी पहिल्या पद्धतीपासून सुरुवात व्हावी. तिची मुदत कमी आहे. शिवाय आफ्रिकेतील झांबियात ती डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी ५ ते १८ वर्षांच्या मुलांना दिली आणि लक्षणे बरीच घटली, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मग तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नाही, ही सबब किती दिवस ऐकायची? तीन वर्षांखालील बाळांसाठी मात्र दुसरी पद्धतच हवी.

कायदाही आपल्या बाजूने आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने 'पीडित' या व्याख्येत मानसिक व भावनिक हानी धरली आहे. मग पुनर्वसन म्हणजे केवळ धनादेश कसा? कार्यकर्त्यांनी अर्जात घरातील प्रत्येक मुलाचे नाव व वय लिहावे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीत त्याच्या उपचाराची मागणी नोंदवावी.

उपचार म्हणजे न्याय नव्हे. हल्लेखोर गावात मोकाट फिरत असतील तर पोराची भीती हा भ्रम नसतो, ती खरीच असते. म्हणून आरोपीची अटक आणि पोराचा उपचार, या दोन्ही मागण्या एकाच निवेदनात असल्या पाहिजेत.