मार्सेलिसचा चषक आणि ग्लासमनचे खरे बोलणे

३१ मे २०२५ रोजी म्युनिकच्या मैदानावर पॅरिस सेंट-जर्मेन या संघाने इटलीच्या इंटर मिलानचा ५-० असा धुव्वा उडवला आणि चॅम्पियन्स लीगचा चषक पॅरिसला नेला. २०११ पासून कतारचा पैसा या क्लबच्या मागे आहे. एवढा पैसा ओतूनही हा चषक मिळायला चौदा वर्षे लागली. त्या रात्री फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मार्सेलिस शहरात मात्र लोक एकमेकांना एकच गोष्ट सांगत होते : पहिले आम्हीच, आणि कायमचे पहिले आम्हीच!

हे खोटे नाही. फ्रान्सच्या पुरुषांच्या क्लबांपैकी हा चषक पहिल्यांदा जिंकला तो मार्सेलिसने, २६ मे १९९३ रोजी, म्युनिकमध्येच. परंतु त्या हंगामाची अर्धीच गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. उरलेली अर्धी गोष्ट एका साध्या खेळाडूची आहे. त्याने खरे सांगितले म्हणून त्याला सगळ्या देशाने शिट्ट्या मारल्या. विजेत्यांची नावे सर्वांना पाठ असतात. आपण दुसऱ्या नावाचीही आठवण ठेवली पाहिजे.

आधी खेळाचे बोलू, कारण तो खेळ खरोखर थोर होता. १९९२-९३ च्या युरोपीय हंगामात मार्सेलिस एकही सामना हरले नाही. बेलफास्टचा ग्लेंटोरन आणि रुमानियाचा दिनामो बुखारेस्ट यांना बाजूला सारून ते अखेरच्या आठ संघांत पोहोचले. गटात ग्लासगोचा रेंजर्स, बेल्जियमचा ब्रूज आणि मॉस्कोचा सीएसकेए. मॉस्कोच्या संघाला मार्सेलिसमध्ये ६-० असे हरवले. रेंजर्सशी दोन्ही सामने बरोबरीत सुटले आणि अवघ्या एका गुणाच्या फरकाने मार्सेलिस अंतिम फेरीत गेले.

समोर होता एसी मिलान. बारेसी, मालदिनी, रायकार्ड, व्हॅन बास्टेन अशी नावे. गटातील सहाच्या सहा सामने जिंकून आलेला संघ. पहिला अर्धा डाव संपत आला असताना आबेदी पेलेने कॉर्नर घेतला आणि बाझिल बोलीने उंच उडी घेऊन डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. त्याच्या पायाला दुखापत होती, तो बाहेर जाऊ इच्छित होता, तरी त्याला मैदानात ठेवले गेले. त्या एका गोलवर चषक ठरला. बोली आयव्हरी कोस्टमधील आबिजानमध्ये जन्मलेला, आबेदी पेले घानाचा, बचावातला मार्सेल देसाई अक्रा शहरात जन्मलेला. कप्तान दिदिए देशाँ चोवीस वर्षांचा, गोलरक्षक फाबियाँ बार्थेझ अवघा एकवीस वर्षांचा आणि प्रशिक्षक रेमों गुताल्स एकाहत्तर वर्षांचा म्हातारा. इटालियन, आर्मेनियन, अल्जेरियन, कोमोरियन अशा स्थलांतरितांनी वसवलेल्या त्या बंदराच्या शहराला हा संघ आपलाच आरसा वाटला तर नवल काय?

आता दुसरी गोष्ट.

अंतिम सामन्याच्या सहा दिवस आधी, २० मे रोजी, मार्सेलिसचा लीगचा सामना उत्तरेकडील व्हॅलेन्सिएन या संघाशी होता. हा कोळसा आणि पोलादाचा मुलूख. त्या पट्ट्यातील शेवटची खाण १९९० मध्ये बंद पडली होती. संघही वरच्या श्रेणीत टिकण्यासाठी धडपडत होता. मार्सेलिसला सामना जिंकायचा होता आणि म्युनिकसाठी आपले खेळाडू धडधाकट राखायचे होते. सामन्याच्या आदल्या दिवशी मार्सेलिसच्या झाँ-झाक एदली याने व्हॅलेन्सिएनमधील आपल्या तीन जुन्या सहकाऱ्यांशी संपर्क साधला : झाक ग्लासमन, क्रिस्तोफ रोबेर आणि १९८६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचा विजयी गोल करणारा होर्हे बुरुचागा. मागणी एवढीच : उद्या जोर लावू नका, आमच्या माणसांना जपा. त्याबद्दल पैसे मिळतील.

रोबेरने पैसे घेतले. बुरुचागाने आधी होकार भरला, पुढे आपण मागे फिरलो असे त्याने सांगितले. ग्लासमनने नकार दिला. तो गप्पही बसला नाही. त्याने आपल्या प्रशिक्षकाला सांगितले आणि मध्यंतरात पंचाच्या कानावर घातले. मार्सेलिसने सामना १-० असा जिंकला, सहा दिवसांनी युरोप जिंकले, आणखी तीन दिवसांनी पॅरिसला ३-१ ने हरवून लागोपाठ पाचव्यांदा लीग जिंकली. शहर नाचत होते. महिनाभरात पोलिसांनी रोबेरच्या नातलगाच्या बागेत खोदले, तेव्हा पुरलेले अडीच लाख फ्रँक निघाले.

पुढचे सर्व कागदावर आहे. सप्टेंबर १९९३ मध्ये युरोपीय महासंघाने मार्सेलिसला नव्या हंगामातून बाहेर काढले. लीगचे विजेतेपद काढून घेतले गेले. दुसऱ्या क्रमांकावरच्या पॅरिसने ते घेण्यास नकार दिला, म्हणून त्या वर्षाच्या रकान्यात आजही कोणाचे नाव नाही. १९९४ मध्ये मार्सेलिस लीगमध्ये दुसरे आले, तरी त्यांना खालच्या श्रेणीत ढकलले गेले, आणि वर यायला १९९६ उजाडले. क्लबचा मालक-अध्यक्ष बर्नार तापी याला न्यायालयाने दोषी ठरवले. अपिलात दोन वर्षांची शिक्षा झाली, त्यातील आठ महिने प्रत्यक्ष तुरुंगवास. त्याच्या बाजूने खोटी साक्ष देणारा एक माजी मंत्रीही दोषी ठरला.

इथे एक युक्तिवाद केला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. तापी हा कामगाराचा मुलगा. वरच्या घराण्यात जन्मलेला नाही, वरच्या महाविद्यालयांत शिकलेला नाही. स्वतःच्या हिकमतीवर उद्योगपती झाला, खासदार झाला, मंत्री झाला. १९८९ मध्ये स्थलांतरितांचा द्वेष पसरवणाऱ्या ल पेनसमोर टीव्हीवर उभे राहण्याची हिंमत त्याने दाखवली. त्याच्या पडण्याचा आनंद पॅरिसमधल्या अनेक प्रस्थापितांना झाला, यात शंका नाही. इतर क्लबांचे हात तरी कुठे स्वच्छ होते? बोर्दोच्या क्लबला १९९१ मध्येच कर्जापायी खाली उतरवले गेले होते. म्हणून मार्सेलिसचे लोक म्हणतात, आमचा माणूस खालून वर आला, हेच त्यांना सहन झाले नाही.

मान्य. पण प्रश्न विचारला पाहिजे : ते पैसे दिले कोणाला आणि त्यात बुडाले कोण? पैसे पॅरिसच्या बड्या क्लबला दिले नव्हते. खाणी बंद पडलेल्या गावातील, बुडत्या संघातील खेळाडूंना दिले होते. जो संघ एकेका गुणासाठी झगडत होता, त्याच्याच माणसांना विकत घेतले. व्हॅलेन्सिएन त्याच वर्षी खाली गेला आणि पुढच्या वर्षी आणखी खाली. खालून वर आलेल्या माणसाने वर जाण्यासाठी खालच्याच माणसाच्या डोक्यावर पाय दिला, तर त्याला प्रस्थापितांविरुद्धचे बंड म्हणायचे काय? ती प्रस्थापितांचीच रीत झाली, फक्त पायरीवर उभा असलेला माणूस बदलला.

आणि ग्लासमनचे काय झाले? जिथे खेळायला जाई, तिथे प्रेक्षक शिट्ट्या मारत. देशाच्या आनंदावर विरजण घालणारा, घरभेदी, असे शिक्के बसले. व्हॅलेन्सिएन सुटल्यावर त्याला चांगला क्लब मिळेना. अखेर हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर जाऊन तो खेळला. १९९५ मध्ये जागतिक महासंघ फिफाने त्याला प्रामाणिक खेळाचा पुरस्कार दिला. पुढे त्याने खेळाडूंच्या संघटनेत काम केले. ज्यांनी पैसे देऊ केले त्यांच्यासाठी सबबी शोधल्या गेल्या. ज्याने ते नाकारले, त्याला मात्र आपण असे का केले याचा खुलासा वर्षानुवर्षे करावा लागला.

तापी ३ ऑक्टोबर २०२१ रोजी वारला. मार्सेलिसने त्याला हजारोंच्या गर्दीत निरोप दिला. शवपेटी व्हेलोड्रोम या क्लबच्या मैदानावर ठेवली होती. लोकांचे प्रेम खोटे नव्हते. त्यांना त्याने युरोपचा चषक दाखवला होता. प्रेमाला आमचा आक्षेप नाही. आमचा आक्षेप आहे तो हिशेब न विचारण्याला.

कोणत्याही संघटनेत चार वर्षे काम केलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. 'आपला माणूस आहे, सांभाळून घ्या', 'आताच बोलायची वेळ नाही', 'विरोधकांच्या हाती कोलीत देऊ नका' ही वाक्ये फ्रेंचमध्ये काय आणि मराठीत काय, सारखीच ऐकू येतात. वेळ कधीच नसते. अंतिम सामना नेहमीच सहा दिवसांवर आलेला असतो.

सगळ्यात वाईट गोष्ट ही की त्या लाचेची गरजच नव्हती. मिलानला त्यांनी मैदानात हरवले, पॅरिसलाही मैदानात हरवले. बोलीची उडी कोणी विकत घेतली नव्हती. देसाईने पुढच्याच वर्षी मिलानकडून पुन्हा तोच चषक जिंकला. देशाँ, देसाई आणि बार्थेझ १९९८ मध्ये फ्रान्ससाठी विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होते. एवढ्या ताकदीच्या संघाच्या पराक्रमावर मालकाने एका पाकिटापायी कायमचा डाग लावला. खेळाडूंचा घाम खरा होता, म्हणूनच हा गुन्हा अधिक मोठा आहे. जे स्वबळावर मिळणार होते, तेही चोरीचे वाटावे अशी वेळ त्याने आपल्याच माणसांवर आणली.

म्हणून वाचकहो, मार्सेलिसचा तो हंगाम आठवताना बोलीचा गोल जरूर आठवा. आफ्रिकेत जन्मलेल्या त्या पोराने मिलानसारख्या बलाढ्य संघाला नमवले, हा आनंद खराच आहे. पण त्यासोबत मध्यंतरात पंचाकडे चालत गेलेला तो तीस वर्षांचा बचावपटूही आठवा. त्याच्या हाती ना चषक आला, ना पैसा. तो एकटा होता आणि त्याचे म्हणणे खरे होते. आपल्यात असा एखादा ग्लासमन उभा राहील, तेव्हा आपण त्याला शिट्ट्या मारणार की त्याच्या शेजारी उभे राहणार, हे आजच ठरवून ठेवलेले बरे.