आधी ब्रेक, मग अलॉय

यंदाच्या बोनसचा बेत ठरला होता: आमच्या जुन्या पॅलिओ १.६ला नवी अलॉय व्हील्स आणि दणदणीत आवाजाचा सायलेन्सर. पण दिवाळीत गोव्याला जाताना चोर्ल्याचा घाट उतरू लागलो आणि ब्रेकचं पेडल मऊ पडून खोल जाऊ लागलं. मागे आई आणि लेक. खालच्या गिअरवर कशीबशी गाडी थांबवली, तासभर थंड होऊ दिली.

बेळगावात परतल्यावर मिस्त्रींनी कारण सांगितलं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ताजं डॉट ४ ऑइल २३० अंश सेल्सिअसपर्यंत तरी उकळत नाही. ओल मुरली की ही मर्यादा १५५पर्यंत उतरू शकते. घाटात सतत ब्रेक दाबला की ते उकळून वाफ होते. मग आपण पाय दाबतो आणि नुसती वाफच दबते.

ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. ऑफिसात सर्व्हरची देखभाल तारीख लावून करणारा मी, गाडीचं ऑइल चार वर्षं विसरलो होतो!

बोनस ब्रेक ऑइल, होज आणि पॅडवर गेला. अलॉय पुढच्या वर्षी. तुमच्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंय? आजच बिल काढून बघा.