पडक्या चाळींचा वाली कोण?

ज्या पेठांच्या व्यापारावर मुंबई मोठी झाली, त्या गिरगाव, भुलेश्वर व डोंगरी भागांतील कित्येक इमारती आज टेकूंच्या आधाराने उभ्या आहेत. हा काळाचा महिमा, असे म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांस आमचे सांगणे इतकेच की, ही करणी काळाची नसून कायद्याची आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हेच प्रमाण ठरविले. टंचाईच्या दिवसांत भाडेकरूंस आधार देणे न्याय्यच होते. परंतु तात्पुरता उपाय कायमचा होऊन बसला. भाड्यातून दुरुस्ती निघेना, म्हणून मालकाने हात आखडला. घर आपले नव्हे, म्हणून भाडेकरूने तिकडे पाहिले नाही. १९६९ साली उपकर बसवून दुरुस्ती मंडळ नेमिले. पण ठिगळांनी वस्त्र नवे होत नाही. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही गोठलेली भाडी अवाजवी ठरविली, तरी १९९९ च्या कायद्याने जुन्याच आकड्यावर दरसाल शेकडा ४ वाढ दिली. मूळच कवडीमोल, तेथे वाढ ती किती? ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया रस्त्यावरील इमारत कोसळून ३० हून अधिक माणसे प्राणांस मुकली.

भाडेकरूचा राहण्याचा हक्क अबाधित राखून भाडे क्रमाक्रमाने वाढवावे, आणि ती वाढ त्याच इमारतीच्या दुरुस्तीस लावणे मालकावर बंधनकारक करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. भाडेकरूंनी रागावू नये; जे छप्पर डोक्यावर कोसळते, ते स्वस्त कसले?