दोन तिकिटें

परगांवच्या स्नेह्यांकडून लग्नाचें निमंत्रण आलें, कीं यजमानांनीं एकट्यानें जाऊन, अहेर पोंचवून परतावें, अशी रीत पुष्कळ घरांत अद्यापि आहे. खर्च व घरची अडचण हीं कारणें खरीं. परंतु या रीतीनें काय अंतरतें, तें तंजावरास एका तमिळ ब्राह्मण स्नेह्यांच्या कन्येच्या विवाहास आम्ही उभयतां गेलों, तेव्हां दिसून आलें.

राजराज चोळाच्या काळीं, १०१० सालीं, पूर्ण झालेलें बृहदीश्वराचें देवालय व तेथें सरफोजीराजांनीं १८०३ सालीं कोरविलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख आम्हीं पाहिला. दगडावरील अक्षर कोणाहि साक्षरास वाचतां येतें. माजघर मात्र गृहिणीसच उघडतें. वधू नऊवारीच नेसलेली पाहून आमच्या सौभाग्यवतींस नवल वाटलें. तेव्हां तेथील बायकांनीं त्यांना आंत नेऊन ‘मडिसार’ नेसण्याची तऱ्हा दाखविली. एकमेकींची भाषा कोणासच येत नव्हती!

वर छत्री-काठी घेऊन काशीस निघाला, वधूपित्यानें त्यास परतविलें. मग दोघांस झोपाळ्यावर बसवून बायकांनीं गाणीं म्हटलीं. सप्तपदीच्या मंत्रांत शाखाभेदानें शब्दांचा फरक असेल, पावलें मात्र तींच सात.

त्यांतील सातवें पाऊल सख्याचें होय. तें सख्य उंबरठ्याच्या आंतच संपावयाचें नाहीं. म्हणून, वाचकहो, गुडघे चालताहेत तोंवर पुढल्या निमंत्रणास दोन तिकिटें काढावीं.