प्लॅन घेण्याआधी बघा, फाइल कुणाच्या खात्यात आहे



ऑफिसचा कॉम्प्युटर अडला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं, "स्टोरेज फुल झालंय, मोठा प्लॅन घेऊन टाकू." घरातला मुलगा म्हणतो, दुरुस्तीला येणारा तर म्हणतोच. माझं मत वेगळं आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. बहुतेक वेळा अडचण जागेची नसतेच, मालकीची असते. तुमच्या धंद्याचे कागद नेमके कुणाच्या खात्यात पडलेत, हे तुम्हालाच ठाऊक नसतं. ते ठाऊक होईपर्यंत प्लॅनवर एक रुपया घालवू नका.

घोडपदेव, रे रोड, दारुखाना, कॉटन ग्रीन हा पट्टा डोळ्यांसमोर आणा. खाली मशीन, वर पोटमाळ्यावर एक टेबल आणि त्यावर एकच कॉम्प्युटर. सकाळी त्यावर कोटेशन बनतं, दुपारी ई-वे बिल निघतं. आठवड्यातून दोनदा हिशेबनीस येतो आणि टॅलीत नोंदी करून जातो. संध्याकाळी मालकाचा भाचा त्याच मशीनवर स्वतःचं जीमेल उघडून पार्टीला डिझाइन पाठवतो. चार माणसं, तीन जीमेल, एक डेस्कटॉप. त्यावर 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २' आणि 'बिल फायनल फायनल'. छपाई, फॅब्रिकेशन, लोखंडाचा व्यापार, ट्रान्सपोर्ट, धंदा कोणताही असो, चित्र फारसं बदलत नाही. तुम्ही अजून गाळा शोधताय, पहिला कॉम्प्युटर घ्यायचाय, तर उलट बरंच. नवी घडी बसवणं जुनी मोडण्यापेक्षा सोपं असतं.

आधी त्या 'स्टोरेज फुल'चंच बघू. गुगल फुकट १५ जीबी देतं, पण ते एकट्या ड्राइव्हसाठी नाही. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो, तिघांत मिळून ते १५ जीबी. जून २०२१ पर्यंत थोड्या कमी दर्जाचे फोटो त्यात मोजले जात नव्हते, आता सगळे मोजतात. आणि २०२४ पासून अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअपसुद्धा याच जागेत मोजला जायला लागला. म्हणजे होतं काय? मालकाच्या फोनवर धंद्याचंच जीमेल असतं. घरच्या, गावच्या, मंडळाच्या ग्रुपवरचे व्हिडिओ रात्री बॅकअपमध्ये जातात, १५ जीबी भरतात, आणि मग जीमेल नवीन मेल घेणंच बंद करतं. पार्टीने पाठवलेली परचेस ऑर्डर परत जाते. तुम्हाला वाटतं पार्टीने ऑर्डर दिलीच नाही, पार्टीला वाटतं तुम्हाला काम नको. मधल्या मध्ये काम दुसऱ्या गाळ्यात जातं, आणि कारण काय, तर 'शुभ सकाळ'चे व्हिडिओ!

यावर उपाय सोपा आहे. खात्याच्या स्टोरेज पानावर जा, कोण किती जागा खातंय ते तिथे वेगवेगळं दिसतं. व्हॉट्सअॅपच्या बॅकअपमध्ये व्हिडिओ घ्यायचे की नाही, याचं बटण असतं, ते बंद करा. मोठ्या अटॅचमेंटचे मेल आणि मोठ्या फाइल्स यांची यादीही त्याच पानावर मिळते. नको ते काढा आणि मग कचरापेटीही रिकामी करा. पेटीत पडलेली फाइल ३० दिवस तिथेच राहते आणि तोवर जागा अडवते. पुष्कळ जण इथेच फसतात. "एवढं डिलीट केलं तरी फुलच दाखवतंय" म्हणतात आणि प्लॅन घेतात.

आता मालकीकडे येतो, कारण खरं नुकसान इथे होतं.

गुगल ड्राइव्हवर फोल्डर तुम्ही बनवला आणि ऑफिसातल्या मुलाला शेअर केला. त्याने त्यात दीडशे कोटेशनं टाकली. ती कोटेशनं कुणाची? तुम्ही म्हणाल माझी, फोल्डर माझा, पगार मी देतो. ड्राइव्हच्या लेखी ती त्या मुलाची. ज्याने फाइल बनवली किंवा चढवली, तो मालक. उद्या त्याने नोकरी सोडली, स्वतःच्या जीमेलची साफसफाई केली, की तुमची कोटेशनं त्याच्या कचरापेटीत जातात. यात त्याचा वाईट हेतू असेलच असं नाही. तो बिचारा आपली जागा रिकामी करतोय. खातं नुसतं पडून राहिलं तरी धोका आहेच, कारण दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गुगल काढून टाकू शकतं.

मालकी दुसऱ्याच्या नावावर करता येते, पण ती आताच्या मालकालाच पाठवावी लागते आणि घेणाऱ्याला स्वीकारावी लागते. फोल्डर नावावर झाला म्हणून आतल्या फाइल्स नावावर होत नाहीत, हेही लक्षात ठेवा. थोडक्यात, माणूस जायच्या आधी हे काम उरकायचं असतं. शेवटच्या दिवशी गाळ्याची चावी आणि ओळखपत्र परत घेतो, तेव्हाच हेही. पण त्याहून बरं म्हणजे तशी वेळच न आणणं. धंद्याच्या नावाचं एक खातं काढा, ऑफिसच्या मशीनवर तेच उघडं ठेवा आणि जे काही चढवायचं ते त्यातूनच चढू द्या. त्या खात्याचा रिकव्हरी नंबर तुमच्या स्वतःच्या फोनचा हवा, भाच्याचा नको. माणसं वाढली की गुगल वर्कस्पेसचे पैसे देऊन 'शेअर्ड ड्राइव्ह' घेता येतो, त्यात फाइल संस्थेच्या मालकीची राहते. तो खर्च मला पटतो. नुसती जागा वाढवण्याचा पटत नाही.

एक गल्लत जवळजवळ सगळे करतात. सिंक म्हणजे बॅकअप असं धरून चालतात. सिंक म्हणजे आरसा. इकडे फाइल पुसली की तिकडेही पुसली जाते, इकडे व्हायरसने फाइल खराब केली की खराब झालेलीच वर चढते. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं काम बंद पाडलं. आपल्या समोरच्या किनाऱ्यावर, न्हावाशेवाच्या जेएनपीटीत, त्याच समूहाकडे असलेल्या टर्मिनलचंही काम अडलं. मर्स्ककडे कॉम्प्युटरांच्या नेटवर्कचं मुख्य ओळख-रजिस्टर सांभाळणारे अनेक सर्व्हर होते, आणि ते सतत एकमेकांशी जुळवून घेत असत. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशेब होता. पण गेले ते सगळेच एकदम गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण नेमक्या त्या वेळी तिथली वीज गेल्यामुळे तो नेटवर्कपासून तुटलेला होता. एवढ्या मोठ्या कंपनीचा गाडा त्या एका तुटलेल्या प्रतीवरून पुन्हा उभा राहिला.

आपल्याला घानापर्यंत जायची गरज नाही. एक पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या, शनिवारी लावा, कॉपी करा, काढा आणि घरी न्या. काढून ठेवणं महत्त्वाचं. कायम जोडलेली डिस्क व्हायरसलाही तेवढीच जवळ आणि शॉर्टसर्किटलाही. आणि कॉम्प्युटर जमिनीवर, टेबलाच्या पायाशी ठेवला असेल तर आजच वर उचला. पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी शिरतं हे मुंबईकराला मी काय सांगावं?

"मी कागदच ठेवतो, तेच बरं" म्हणणारेही भेटतात. त्यांना मी २१ जून २०१२ ची मंत्रालयाची आग आठवायला सांगतो. कागदाला दुसरी प्रत नसली की तो एकदाच जळतो.

आणखी एक तक्रार हल्ली फार येते. "डेस्कटॉपवरच्या फाइल्स रात्रीत गायब." विंडोज ११ चा नवा लॅपटॉप सुरू करताना मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की वनड्राइव्ह बऱ्याचदा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर आपल्या ताब्यात घेतं. फुकट जागा फक्त ५ जीबी. ती भरली की इशारे येतात. कुणीतरी वैतागून ते सिंक बंद करतं आणि डेस्कटॉप मोकळा दिसायला लागतो. फाइल्स गेलेल्या नसतात, वनड्राइव्हच्या फोल्डरात बसलेल्या असतात. म्हणून फाइल दिसेना झाली की आधी हात आवरा. नवीन काही टाकू नका, कुणाला 'फॉरमॅट मार' म्हणू देऊ नका. वनड्राइव्हचा फोल्डर बघा, मग ब्राउझरमधून त्याच खात्यात जाऊन बघा, मग तिथली कचरापेटी. फाइल आहे पण आतला मजकूर चुकीचा असेल, तर जुनी आवृत्ती परत आणायची सोय बहुतेक वेळा मिळते. गुगल ड्राइव्हचं डेस्कटॉप अॅप वापरत असाल तर 'स्ट्रीम' आणि 'मिरर' यांतलं काय निवडलंय ते तपासा. स्ट्रीममध्ये फाइल मशीनवर दिसते पण असते इंटरनेटवर. लाइन गेली की उघडत नाही. रोज लागणाऱ्या फाइल्स ऑफलाइन ठेवा.

टॅलीचा डेटा फोल्डर मात्र ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंकमध्ये कधीही ठेवू नका. हिशेबनीस नोंद करतोय आणि त्याच क्षणी सिंक तीच फाइल ओढतंय, यातून डेटा खराब होतो. टॅलीतूनच बॅकअप घ्यायचा आणि ती बॅकअपची फाइल क्लाउडवर चढवायची.

फाइलच्या नावाचं थोडं. जीएसटीच्या नियमानुसार बिल नंबर १६ अक्षरांपर्यंत असतो आणि त्यात डॅश आणि तिरपी रेघ दोन्ही चालतात. म्हणून आपण छान २५-२६/०१७ असा नंबर देतो. पण विंडोजला फाइलच्या नावात तिरपी रेघ चालत नाही. मग एक जण तिथे डॅश टाकतो, दुसरा जागा सोडतो, तिसरा नुसतं पार्टीचं नाव लिहितो, आणि शोधताना बिल सापडत नाही. बिलाच्या नंबरातच तिरपी रेघ न वापरणं हा माझा सल्ला, पण तो नव्या आर्थिक वर्षापासून अमलात आणा, वर्षाच्या मध्ये नाही.

मराठीत काम करणाऱ्यांची एक खास अडचण आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये बनवलेली पत्रिका किंवा पत्र क्लाउडवर उघडलं की भलतीच अक्षरं दिसतात, कारण तो मजकूर युनिकोड नसतो. फाइल बिघडलेली नसते, समोर तो फॉन्ट नसतो. सर्चलाही त्यातला मराठी शब्द सापडत नाही. छपाईवाल्यांनी अशा फाइलसोबत पीडीएफ ठेवावी आणि फाइलचं नाव तरी युनिकोडमध्ये द्यावं.

हे सगळं किती वर्षं सांभाळायचं? जीएसटीच्या कायद्यानुसार त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने. २०२३-२४ चं वार्षिक रिटर्न ३१ डिसेंबर २०२४ ला होतं, म्हणजे ते कागद ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तर वाजवी वेळात परत उभ्या करता येतील असा इलेक्ट्रॉनिक बॅकअप ठेवा, असंही नियम सांगतो. नोटीस आल्यावर "मुलगा सोडून गेला, फाइल त्याच्या जीमेलला होती" हे उत्तर कुणी ऐकून घेणार नाही.

येत्या शनिवारी अर्धा तास काढा. ऑफिसचा कॉम्प्युटर बंद करा, मागचं बटणसुद्धा. मग मागच्या वर्षीच्या ऑगस्टमधलं कुठलंही एक बिल आणि टॅलीचा ताजा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून दाखवायला सांगा. भाच्याला फोन न करता.